पाटीवरची श्रीमती

“हॅलो? …हो आई, मीच. वॉर्डात आहे, हळू बोलते… काय? कोणी सांगितलं? …शिंपीणकाकूंनी? त्या बीपी तपासायला आल्या होत्या की दारं वाचायला?”

सिस्टरने सासूबाईंचा फोन खांद्याशी दाबून धरला. समोर मेट्रनच्या खोलीबाहेर पेंटर स्टुलावर चढला होता. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर ती खोली आजपासून तिची. दारावर ‘श्रीमती’ लिहून झालं होतं, पुढचं नाव बाकी होतं.

“हो, लिहिलंय… अहो, ऑफिसच्या पत्रात सगळ्याच बायकांना तसं लिहितात, लग्न झालेली असो नसो… ऐका तरी! …ते गेले असं मी कधी म्हटलं? जहाजावरून उतरले आणि दिसेनासे झाले, एवढंच ना आपल्याला ठाऊक? …आणि चार वर्षं ‘सौ.’ कोण लावतंय? लोक तोंडावर हसले तरी लावलं, तुमच्या जिवाला बरं म्हणून… हो… तुम्ही आई, तुम्हाला लागणारच… हो… काय?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“परत म्हणा. …‘परवा बोलला तेव्हा चांगला ठणठणीत होता.’ कोण परवा बोलला, आई?”

पलीकडून सासूबाई घाईनं ‘ठेवते हं’ म्हणाल्या. खरं पोटात किती दिवस कोंडणार? देव एक दिवस ते जिभेवर आणून बसवतोच.

“फोन ठेवायचा नाही! …कधीपासून? …पहिल्याच वर्षापासून? म्हणजे मी फोटो घेऊन चौक्यांचे उंबरे झिजवत होते, शवागारात परक्यांच्या तोंडावरची चादर उचलून बघत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं? …मला दुःख नको म्हणून! वा आई! …एकटाच आहे का? …आई, मी विचारतेय, एकटाच आहे? …हं. …मुलगी? केवढी?”

वरून पेंटरने चिंधी दाखवून खुणेनंच विचारलं, पुसू?

“नाही, चक्कर नाही आली… जिवंत आहे, बरं झालं. रोज हात जोडून तेवढंच मागत होते. देवानं ऐकलं म्हणायचं, मला तेवढं कळवलं नाही… पाटीचं? थांबा, तुम्हीही ऐका. पेंटरदादा! पुसू नका. पुढे माझं नाव लिहा. नवऱ्याचं गाळा… हो, गाळा म्हटलं!”

“…अहो, रडता काय? टाके ओले आहेत डोळ्याचे! …तुम्हाला कोण घराबाहेर काढतंय? काहीतरीच. …सहाला येते. थेंब घालीन, पट्टी बदलीन… नाही आई. बोलणार मात्र नाही. आज नाही… माहीत नाही कधी. पेशंट हाका मारतोय. ठेवते.”