ड्रिलच्या पेटीत हँडल

हॅलो? … बाबा! कुठे आहात तुम्ही? कधीची फोन लावतेय! … मी? मी गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, शिडीवर! भिंतीला कपाट लावायला ड्रिलची पेटी उघडते, तर आत काय? तुमच्या बोटीच्या विंचचं हँडल! … हो, तेच, शिडाचा दोर विंचवर गुंडाळून ओढायचं. ते इथे, मग माझं ड्रिल कुठाय?

… काय? विंचवर बसवलंत? … नाही, 'झकास फिरतं' वगैरे मला सांगू नका! आणि हा आवाज कसला? … मोठ्याने बोला, वाऱ्यात काही कळत नाहीये… अडकला? काय अडकला? … दोर? वेढ्यावर वेढा चढून? … चढणारच! हाताला कळतं बाबा, कुठे थांबायचं ते. ड्रिलला काय कपाळ कळतंय! … अहो, उलटं फिरवून कसा सुटेल? उलटं फिरवलं तरी विंच त्याच बाजूला ओढतो, तुम्हीच शिकवलंत ना मला? … घ्या! अजून आवळला!

म्हणजे शीड सैल सोडता येत नाहीये, बोट वाऱ्याबरोबर खडकांकडे चाललीय! किती लांब आहेत खडक? … 'तसे लांबच' म्हणजे काय? नीट सांगा! … खडकांवरचा फेस दिसतोय? … बाबा, दोर कापा. … नवा आहे तर आहे! कापा म्हणते ना! … हो, हो… ऐका हो, फोन खाली ठेवा, स्पीकरवर. सुरी घ्या. … डाव्या हातात का? … उजवा वरच जात नाही? कधीपासून? … हिवाळ्यापासून! आणि मला आज कळतंय! … ते नंतर. आधी कापा!

बाबा? … बाबा!

… फडफडतंय? शीड? … सुटलं ना? … बरं. आता इंजिन सुरू करा, बोट बाहेर वळवा. … नाही हो, रडत नाहीये, ओरडतेय!

काय म्हणालात? … हो, 'हँडल फिरवता येणार नाही त्या दिवशी बोट विकेन', तुम्हीच म्हणायचात. … म्हणून लपवलंत? खांदा दुखतोय हे पोटच्या पोरीपासून लपवलंत? राग येतोय मला, भयंकर राग येतोय! … कोण म्हणतंय विका? गुपचूप धक्क्याला या. मी हँडल घेऊन येतेय. यापुढे विंचवर मी, सुकाणूवर तुम्ही. … नाही, विचारत नाहीये, सांगतेय! आणि माझ्या ड्रिलला पुन्हा हात लावलात ना…

… पडलं? कुठे? … पाण्यात?

… बुडू दे मेलं! … नको मला दुसरं. तुम्ही तेवढे धक्क्याला लागा. ठेवते.