कोऱ्या फिल्मचा निकाल

अध्यक्ष माननीय केसरीनाथशेठ, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, सहकारी, विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या माधवी मॅडम, सर्वांना नीरजाचा नमस्कार.

मघाशी चहाच्या वेळी शेठ म्हणाले, "मॅडम लय कठीन हायेत. सर गेले तवा पन रडल्या न्हाय." शेठ, रागावू नका, असं भिवंडीत बरेच जण म्हणतात. उद्या मॅडम मुलाकडे नाशिकला जातील आणि मागे हेच बोलणं राहील. ते मला सोसत नाही, म्हणून उभी राहिले.

आमच्या प्रयोगशाळेतलं काम थोडक्यात सांगते. पेशीत कॅस्पेज नावाचं प्रथिन निजलेलं असतं. पेशीला मरायचा हुकूम आला की ते तुटतं आणि कामाला लागतं. पेशींना औषध देऊन तो हुकूम मिळतो का, हे आम्ही तपासतो. तो तुटका तुकडा आम्हाला एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी म्हणून दिसतो. पण पट्टी दिसलीच नाही तर? म्हणून मॅडम शेजारी मुद्दाम मारलेल्या पेशींचा नमुना लावायच्या. तिथे पट्टी यायलाच हवी. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो.

प्रभाकर सर, म्हणजे मॅडमचे यजमान, गेले, तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की नमुने नासू नयेत म्हणून धामणकर नाक्यावरून बर्फ आणून फ्रीजरमध्ये भरायचा, हा आमचा शिरस्ता. त्या दिवशीही वीज गेली, आणि आम्ही सगळेच स्मशानात. बर्फ कोण आणणार? दुसऱ्या दिवशी मॅडम कामावर हजर. डबा ठेवला, एप्रन घातला, प्रयोग लावला. फिल्म धुतली तर सगळी कोरी.

"म्हणजे औषधाने काही झालंच नाही?" मी विचारलं.

"कंट्रोल बघ. तोही कोरा आहे. नमुने नासलेत," मॅडम म्हणाल्या. "कोऱ्या फिल्मला 'नाही' म्हणायचं नसतं, नीरजा. आपल्याला दिसलं नाही, एवढंच."

मग ती फिल्म हातात धरून त्या बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या.

संयोजकांनी मला भावना व्यक्त करायला सांगितलंय. खरं सांगू? सकाळपासून मला काहीच वाटत नाहीये. हार आणला, खुर्च्या मांडल्या, चहा प्यायले. डोळे कोरडेच. मॅडम, आज माझीही फिल्म कोरी आहे. तुम्ही तिच्यावरून 'नाही' असा निकाल देणार नाही, हे मला ठाऊक आहे. शेठ, तुम्हीही मॅडमच्या कोरड्या डोळ्यांवरून देऊ नका.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला.

आणि मॅडम, आज सकाळीही वीज गेली होती. बर्फ भरूनच इकडे आलेय.