दोन पोटुश्या आणि माझा अंगठा

...हा अंगठा बघा, हा! नाही, पट्टी सोडून दाखवत नाही, तुम्ही जेवून आला असाल. आरपार गेलाय दात, तुम्हाला सांगतो, नखावरून आत आणि खालून बाहेर, आणि मी कोण? घड्याळजी! केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून पोट भरणारा माणूस! आणि तो डॉक्टर मला विचारतो, "कुत्रं?" म्हटलं, मांजर. "पाळलेलं?" म्हटलं, छे हो, भटकं, कुणाला हात लावू देत नाही. "मग तुम्ही का लावलात?" म्हटलं, डॉक्टरसाहेब, तिचे दिवस भरले होते... तर चष्म्यावरून असा बघायला लागला माझ्याकडे, जसं काही मीच जबाबदार! आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

मुळात हे सगळं बायकोनं सुरू केलं. मागच्या अंगणात दोन मांजरी यायच्या, एक तिरळी, एक जाडी, दोघी रानटी, आणि दोघींना एकदमच दिवस राहिले. बाप एकच, एका कानाचा बोका, त्याला आम्ही पैलवान म्हणतो. बायको दोन्ही वेळेला बशा भरून ठेवणार, लांब उभी राहून बघणार, "पोटुश्या आहेत हो बिचाऱ्या!" आणि नेमकं त्याच वेळी तिच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं! बॅग भरता भरता ही मला म्हणते, "तिकडे एक मी करते, इकडे दोन तुम्ही करा." अहो, येताना भाजी आणा म्हटल्यासारखं! म्हटलं, अगं, मला काय येतंय त्यातलं? "तुम्हाला कुठे काय करायचंय? सगळं त्याच करतात. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा." लक्ष!

पहिल्याच दिवशी दोन टोकांना दोन बशा ठेवल्या. जाडीनं आपली चाटूनपुसून संपवली आणि गेली तिरळीच्या बशीवर चाल करून. दोघींची पोटं जमिनीला टेकलेली, मला वाटलं, फिस्कारतील आणि सोडून देतील. कसलं काय! चिकटल्या की एकमेकींना! नरडं काय धरतायत, लोळतायत काय, केसांचे पुंजके उडतायत, फरशीवर रक्ताचे शिंतोडे, आणि आवाज असा की समोरच्या बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, बायकोला मारताय की काय?" म्हटलं, बायको गावाला गेलीय! "मग मारताय कुणाला?" मी झाडू घेऊन मध्ये पडलो. झालं! पोटरीवर चार ओरखडे हिचे, चार तिचे. एरवी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत, पण मला फाडायचं म्हटल्यावर केवढी ती एकी!

भिंतीपलीकडे सीटकव्हरवाला. गाड्यांची सीटकव्हरं शिवतो, आणि त्याचं रेक्झिन म्हणजे या दोघींची नखांना धार लावायची जागा. दुसऱ्या दिवशी आला, हातात चिंध्या झालेली गुंडाळी. "घड्याळजी, नवी कोरी होती! आता माझ्या हद्दीत एक जरी दिसली ना, तर या मापाच्या पट्टीनं ठेचीन! पोटुशी-बिटुशी बघणार नाही!" म्हटलं, अहो, त्या माझ्या नाहीत. "मग खायला कोण घालतं?" म्हटलं, बायको. "बायको कुणाची?"... आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणातल्या जिन्याखालून कण्हण्याचा आवाज. बघतो तर रिकाम्या खोक्यात तिरळी आडवी, धापा टाकतेय, शेजारी एक पिल्लू, ओलं, उंदराएवढं. मी हळूच मागे सरकलो आणि तेवढ्यात माझ्या पायांमधून पैलवान आत! मला काही कळायच्या आधी त्यानं ते पिल्लू उचललं आणि झटकलं... एकदाच. संपलं.

तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षांत मी कुणावर हात उगारलेला नाही. कोपऱ्यात छत्री होती, घातली त्याच्या पाठीत! दुसऱ्या फटक्याला छत्री मोडली, तो माझ्या मांडीला लटकला, मी त्याच्यासकट अंगणभर नाचतोय, रक्त खाली चपलेत उतरतंय, आणि हा आरडाओरडा ऐकून सीटकव्हरवाला भिंतीवरून उडी मारून आला, हातात ती लाकडी पट्टी, "कुठाय ती? आज ठेवत नाही!" आणि फिरवली! बोका सुटला आणि भिंतीपार झाला, पट्टी बसली कुणाला? माझ्या खांद्याला! मग माझी मूठ... मी नव्हे हो, मूठच... गेली त्याच्या नाकावर. कड्‌कन आवाज! दोघे रक्तबंबाळ, एकमेकांची गचांडी धरून उभे, आणि मी ओरडतोय, "अरे, ती आत बाळंत होतेय रे!"

तेव्हा त्यानं खाली बघितलं. पायापाशी ते पिल्लू पडलेलं. बराच वेळ बघितलं. माझी कॉलर सोडली, बाहीला नाक पुसलं आणि म्हणाला, "अजून किती बाकी आहेत?" म्हटलं, मला काय ठाऊक, मी घड्याळजी! तो गेला आणि फोमचा मऊ तुकडा घेऊन आला. "सरकवा तिच्या खाली." म्हटलं, तुम्ही सरकवा. "मांजर कुणाची?"

दुसरं पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलेलं. तिरळीला मान उचलवत नव्हती, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, गेली ही. म्हणून हात घातला... आणि तिनं होता नव्हता तो जोर गोळा केला, माझा अंगठा दातात धरला आणि कुंथली! सुटलं पिल्लू! मी बोंबलतोय, ती बोंबलतेय, आणि मागून हा दरडावतोय, "हलू नका! अजून येतंय!" आणि मी हललो नाही हो! तीन झाली, तिन्ही जिवंत. मेलेलं आम्ही दोघांनी कुंडीशेजारी पुरलं.

पाचव्या दिवशी इंजेक्शन घेऊन घरी येतो, तर खोकं रिकामं! डोळ्यांपुढे पैलवान... तर पलीकडून बारीक चूं-चूं. बाईसाहेबांनी तिन्ही पिल्लं मानेला धरून भिंतीपलीकडे नेलेली, थेट सीटकव्हरवाल्याच्या फोमच्या ढिगात! मी धावत गेलो, तर हा दारात आडवा. नाकाला पट्टी, हातात पट्टी. "हळू बोला! आत बाळंतीण आहे. मशीनसुद्धा बंद ठेवलंय मी." म्हटलं, अहो, निदान एक नजर टाकू द्या... "नको. तुमच्या अंगाला बोक्याचा वास येतो." आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

घरी आलो तर बायकोचा फोन. बहिणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप, "आणि तुमचं?" म्हटलं, एक झालं, एक बाकी आहे. "म्हणजे जाडीचं ना? कुठाय ती?"

काय सांगू कुठाय ती! परवापासून घरात राहायला आलीय. माझ्या कामाच्या खुर्चीत बसते, पोट दोन्ही बाजूंनी बाहेर. उठवायला म्हणून हात पुढे केला, तर फिस्कारली नाही, नख काढलं नाही, तिनं नुसतं माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

तेव्हापासून मी घड्याळं उभ्यानंच दुरुस्त करतो.