हंडा नग एक, मॉरिस मोटारीतून काढलेला

दि. १२/५/१९८८

मी सुंदरबाई भ्र. अभिमन बोरसे, वय ४४ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण नाही, राहणार पिंप्राळा, जळगाव. आज बोलावल्यावरून ठाण्यात हजर होऊन हवालदार हिलाल यांच्यासमोर सांगते ती हकीकत अशी.

माझे पती अभिमन रुपचंद बोरसे, धंदा कापसाची दलाली, यांनी काल दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. त्यांच्या सन १९५१ च्या काळ्या मॉरिस मोटारीचा रेडिएटर अंगणातून चोरीस गेला, तो दुर्मिळ असून हिंदुस्थानात मिळत नाही, आणि त्यांचा संशय माझ्यावर आहे, असे तीत लिहिले आहे. त्यावर माझे म्हणणे असे की, संशय घेण्याचे कारण नाही. मीच काढून घेतला. परंतु तो रेडिएटर नसून माझा हंडा आहे.

सदर मोटार पतींनी चार वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडून घेतली. ती वर्षातून अकरा महिने उभी असते व बाराव्या महिन्यात ढकलावी लागते. मागील दिवाळीत तिचा रेडिएटर सडून गळू लागला. तेव्हापासून पतींना अन्न गोड लागेना. आमचे थोरले बाळ तापाने फणफणले होते तेव्हा त्यांना लागत होते, हे मला आठवते.

रेडिएटरच्या शोधाची हकीकत मला पाठ आहे, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकास ती चहाबरोबर मिळते. जळगावात मिळाला नाही. जीपचा आणून बसवला तर बोनेट लागेना, म्हणून पती बोनेट दोरीने बांधून एरंडोलपर्यंत जाऊन आले. या शोधासाठी धुळ्यास ते नऊ वेळा गेले. माझा गुडघा धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचा आहे, त्यास दोन वर्षे झाली. सवड मिळाली नाही.

साक्रीकडे एका गोठ्यात तशीच मोटार पडून आहे असे कळल्यावरून पती मित्राची जीप घेऊन गेले. त्या मोटारीत कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकाने सांगितले की हव्या तर दोन कोंबड्या न्या, मोटार देणार नाही, मग बाकीच्या बसतील कोठे. साक्रीजवळ माझे माहेर आहे. तेथे मी चार वर्षांत गेलेली नाही. जीपमध्ये जागा नाही असे पती म्हणाले होते. जीप परत आली तेव्हा तीत पती, मित्र व एक जुना टायर होता.

शेवटी धुळ्याचे रेडिएटर कारागीर पुना यांनी सांगितले की जाळी मी बसवून देतो, पण वरच्या टाकीला जुने जाड पितळ लागेल, आताचा पत्रा पापडासारखा येतो. चैत्रात पती सकाळीच स्वयंपाकघरात आले व म्हणाले, "हंडाले पोचा पडेल शे. धुयाले जाई र्‍हायनू, ठोकीसन लयस." लग्नापासून या माणसाने स्वतःच्या हाताने पेलाभर पाणी घेतलेले नाही. पितळी हंडा उचलून निघाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी मूर्ख, मला बरे वाटले. मी त्यांना जाताना दशम्या बांधून दिल्या.

त्यानंतर महिनाभर हंडा येईना. एकदा कारागीर लग्नाला गेला होता, एकदा लाईट नव्हती, एकदा कारागिराची सासू वारली. मी प्लास्टिकच्या बादलीने पाणी भरले.

दि. ८/५/१९८८ रोजी रविवारी अमळनेर येथे पुतण्याचे लग्न होते. नवरदेव मॉरिसमध्ये बसला. वरात मारुतीच्या पारापर्यंत गेली आणि मोटारीने वाफ सोडली. वाजंत्री थांबली. निवल्यावर बोनेट उघडले व पतींनी मला पाणी ओतण्यास सांगितले. मी वाकले तर समोर माझा हंडा, नावाच्या अक्षरांसकट. पोट कापून चपटे केले होते व चिंच लावून आरशासारखे घासले होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी घरात एक वाटी घासलेली नाही.

पती म्हणाले, "अवं, पानी टाक ना, काय दखी र्‍हायनी?" मी म्हणाले, "हाऊ मना हंडा शे." त्यावर ते म्हणाले, "हंडा व्हता. आते तो रेडिएटर शे." मग हसून सर्वांना म्हणाले, "दखा, बायकोनं नाव शे मोटारमा! आखो काय जोयजे तिले?" मी बोनेटकडे बोट करून म्हणाले, "झाकन लावं का नाव बठ्ठं गडप." वऱ्हाडी हसले. मी पाणी ओतले, कारण आत नवरदेव होता.

त्याच मांडवात पतींनी पंगतीला सांगितले की, पुना कारागिराने अक्षरे तेवढी अखंड ठेवली. तो म्हणाला होता, "भाऊ, नाववर आम्ही छन्नी चालाडतस नही." हे पतींनी गंमत म्हणून सांगितले. पुना यांची माझी ओळख नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

हंडा माझ्या लग्नात सन १९६१ साली माझे वडील उखर्डू देवरे यांनी धुळ्याच्या कासाराकडून घेऊन त्यावर माझे नाव घालून दिला. वडील वारले त्यास सहा वर्षे झाली. घर, शेत, मोटार, दारावरची पाटी पतींच्या नावाची आहे. त्या घरात माझ्या नावाची वस्तू एकच होती. पतींनी ती न विचारता कापली, याचे मला फार वाईट वाटले व वाटते.

दि. १०/५/१९८८ रोजी सकाळी पती बाजार समितीत गेले असता मी गल्लीतील ट्रॅक्टर मिस्त्री झुलाल यांना बोलावले. त्यांनी विचारले, काय काढायचे? मी म्हणाले, हंडा. त्यांनी बोनेट उघडून नाव वाचले व पिशवीतून पाने काढले. वस्तू मी आज रिक्षाने मांडीवर घेऊन ठाण्यात आणली आहे.

हवालदार यांनी आधी नवरा-बायकोने घरात मिटवा असे सांगितले. मी विचारले, तक्रार तुमच्याकडे घरातूनच आली ना? नंतर त्यांनी मोठ्याने म्हणत कागदावर रेडिएटर नग एक असे लिहिले. मी ते खोडून हंडा नग एक लिहावयास लावले. ओळख विचारली असता मी डोळे मिटून अक्षरे बोटाने टेबलावर काढली. ती वस्तूशी जुळली. मला वाचता येत नाही. रोज राख-चिंचेने घासताना ती बोटाला पाठ झाली आहेत.

पती बाहेर बाकावर बसले आहेत. नवा स्टीलचा, याहून मोठा हंडा देतो, असा त्यांनी निरोप पाठवला. मला तो नको. त्यांना रेडिएटर हवा असल्यास त्यांनी शोधावा, त्यांना त्याची सवय आहे. हा कापलेला हंडा पाणी धरत नाही हे मला दिसते. तरी तो माझा आहे व मी तो घरी नेणार आहे.

वरील मजकूर हवालदार यांनी सावकाश वाचला, मी ऐकला, तो मी सांगितला तसाच आहे.

(हवालदाराची नोंद : अंगठ्यासाठी शाई पुढे केली असता जबाब देणार हिने पेन मागून घेतले व कासार पाडतो तसे टिंबाटिंबांनी खालील मजकूर काढला. फक्त नाव काढा, पुढचे नको, असे सांगितले असता, मधे थांबता येत नाही, मला पूर्णच येते, असे सांगितले. सबब तसेच ठेवले.)

चि. सुंदर हीस उखर्डू देवरे यांजकडून सप्रेम भेट १९६१