दोन्ही हात भरलेले असताना

दवाखान्यातल्या बाकावर निवृत्त मास्तर कान देऊन बसले होते. शेजारी सासू-सून, सुनेच्या मांडीवर नात.

"डॉक्टर आज ते कडीचं लोखंडी वजन, केटलबेल, झुलवायला लावतील. जमलं तरच हिला उचलू देणार गं."

"आई, तुम्ही ते वजन नुसत्या हातांनी उचलता, म्हणून कंबर धरते."

"मग काय दातांनी उचलू?"

"दोन्ही हात भरलेले असताना फ्रिजचं दार कसं लावता?"

"बुडानं ढकलून. चारचौघांत काय विचारतेस?"

"तसंच बूड मागे न्यायचं आणि झटक्यात उभं राहायचं. वजन आपोआप झुलतं."

"एवढंच होय? हा सराव तर माझा जन्मभर चाललाय."

तिघी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा नात आजीच्या कडेवर होती. सून दार लावायला वळली.

"राहू दे," म्हणत सासूनं बुडानं दार लावलं.