जिवनबाईचा तांब्या

...तर मग तुमीच सांगा, भरून आलेला तांब्या रिकामा परत देता येतो का? न्हाई ना! मूठभर डाळ, चिमूटभर साखर, काहीतरी घालावंच लागतं. रिकामं भांडं परत देत न्हाईत! तिथंच माझा घात झाला, तुमाला सांगते...

आमच्या यांच्या आतड्याला सूज. साधी न्हाई, रक्त पडायचं! सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून नांदेड. तिथल्या डॉक्टरनं आत कॅमेरा घालून बघितलं अन् म्हणाला, "मावशी, या गोळ्या अन् साधं जेवण. बाकी एक थेंब पोटात जाऊ द्यायचा न्हाई. दिवाळीपर्यंत सूज उतरली न्हाई तर आतडं कापावं लागेल." कापावं लागेल! पडवळ हाय का ते?

मी रडत रडत पुतणीला फोन लावला. राजनंदिनी, धाकट्या दिराची पोरगी, औषधाच्या कॉलेजात शिकून राहिली. ती म्हणे, "काकू, आमी आतड्याच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवतो, त्यांना मुद्दाम सूज आणतो, मग डाळिंबाच्या सालीचा अर्क टाकतो. पेशी वाचल्या, काकू!" वाचल्या!! मी फोन हातात घेऊनच अंगणात पळाले अन् शेजारच्या जिवनबाईला ओरडून सांगितलं. पोरगी फोनमधून बोंबलून राहिली, "अगं काकू, ताटलीतल्या! काकांना काही देऊ नको!" पण तवर जिवनबाई डाळिंबं सोलायला बसलीसुद्धा.

संध्याकाळी तांब्या दारात. "वैनी, भाऊंना पाजा. दिवसभर पाट्यावर वाटलंय, बघा, हात सुजले."

"पण जिवनबाई, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरला काय कळतंय? तुमचीच पोरगी म्हणाली ना?"

म्हणाली तर होती! आता यांना द्यावं तर डॉक्टरचा धाक, मोरीत ओतावं तर बाईचे सुजलेले हात डोळ्यांपुढं. मग काय केलं? चुलीमागं उभी राहिले, डोळे मिटले अन् मीच प्याले! जिभेचं नुसतं वाळलं चामडं झालं. तांब्या घासला, तुरीची डाळ घातली, दिला परत. रिकामं भांडं परत देत न्हाईत ना!

दुसऱ्या दिवशी जिवनबाई गल्लीभर सांगते, "वैनीनं डाळ धाडली, म्हंजे गुण आला!" अन् तांब्या पुन्हा भरून हजर! मी साखर घातली, पुन्हा भरून! शेंगदाणे घातले, पुन्हा...

त्यात कनेरगाव नाक्याहून तातेराव आले. यांचे दोस्त, ढाबेवाले. दुधाची किटली भरून काढा! "बेलफळ, कुड्याची साल, ओली हळद, सगळं बराबर टाकलंय, वैनी. पाजूनच जाणार." म्हटलं, हे झोपलेत. "झोपू द्या की! बसतो मी." बसले ओट्यावर! तातेराव बाहेर, हे आत, अन् मधल्या घरात किटली तोंडाला लावून मी!

माझ्या पोटाचं काय झालं, ते बाईमाणसानं चारचौघांत सांगू नये. पण त्या ताटलीतल्या पेशींचं किती बरं हो! त्यांना ना शेजार, ना दोस्त, ना तांब्या!

अन् तकलीफ एकट्या पोटाची न्हाई. यांचा हात हातात घेऊन बसले की वाटायचं, त्या काढ्यात खरंच गुण असला तर? अन् मी एकटीनंच तो पिऊन टाकला तर? नवऱ्याचं औषध चोरून पिणारी बायको! देवा, कुठं फेडू हे?

दिवाळी आली. पुन्हा कॅमेरा. डॉक्टर म्हणाला, "सूज उतरली. मावशी, नुसत्या गोळ्यांवर ठेवलंत, शाबास!" मी तिथंच हुंदके देऊन रडले. गावात येतो तर जिवनबाई वेशीवर! "बघा, माझ्या तांब्याचा गुण!" तातेरावांचा फोन, "किटलीचा हो, किटलीचा!" अन् माझं तोंड अजून कडूच होतं.

आता काय, हे ठणठणीत, अन् मी आडवी. काल जिवनबाई आली, "भाऊ, तुमी बरे झालात, आता वैनीला पाजा!" हे तांब्या घेऊन आत आले. मी हात जोडले, "अवो, मोरीत ओता ना!"

तर म्हणतात, "काहून? बाईचे हात बघितलेस का किती सुजलेत? पिऊन टाक गपचूप. तवर मी डाळ काढतो... रिकामं भांडं परत देत न्हाईत."