दोघांची एक जानेवारी

मेलबर्नच्या मोफत वकिली केंद्रात वकीलबाईंची "नौरोज अली" अशी हाक आली आणि माझ्या बाकावरचे दोन अफगाण एकदम उठले.

"काका, माझा नंबर आहे."

"नाव माझंही तेच आहे. तुझी जन्मतारीख?"

"एक जानेवारी चौऱ्याऐंशी."

"माझीही."

"तुमची दाढी तर पांढरी झालीय."

"दाढीला कोण विचारतो? बोटीतून उतरून तारीख ठाऊक नाही म्हटलं, की साहेब सरसकट एक जानेवारी लिहितो, साल मनाला येईल ते. तुझा व्हिसा झाला?"

"नाकारला. अपिलाला अठ्ठावीस दिवस होते म्हणे. मला पत्रच आलं नाही आणि मुदत टळली. आता परत जा म्हणतात."

"तुझं पत्र माझ्याकडे आहे."

"चेष्टा करू नका, काका."

"हे बघ. पत्ता माझा, शेपार्टन गावचा. माझा व्हिसा कधीच झालाय, तरी नाकारल्याचं वाचून घाबरून इथे आलो."

"मी शेपार्टन पाहिलंही नाही. बाई, हे पाकीट बघा. आधी पत्ता बघा."

वकीलबाईंनी पाकीट दोनदा उलटून पाहिलं.

"नोटीस भलत्याच पत्त्यावर गेली. म्हणजे तुमची मुदत सुरूच झाली नाही."

"मग आज कितवा दिवस?"

"अजून पहिलाही नाही."